सायलीबाईंचे हात

ज्या वर्षी धाकट्या कुंदाचं लग्न चंद्रावर लागलं आणि तिच्या आईनं आजऱ्यात पाटावर बसून पडद्याकडे अक्षता टाकल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. पडद्यातल्या अक्षता हळूहळू खाली येत होत्या, रुईच्या म्हाताऱ्या उतराव्यात तशा. आजऱ्यातल्या मात्र टपटप फरशीवर पडल्या, आणि त्या झाडायला शेवंता उठली. शेवंता थोरली. घरात कार्य कुणाचंही असो, मागची झाडलोट तिच्याकडे असायची.

"बघ गं शेवंते, तांदूळबी तिथं दमानं पडत्यात," सायलीबाई म्हणाल्या. "माझ्या कुंदीला कशाचीच घाई न्हाई."

"इथं केरसुणीला घाई हाय. पाय उचल."

सायलीबाई रेडेकर म्हणजे त्या भागातली नावाजलेली सुईण. तशा त्या सरकारी आरोग्य केंद्रातल्या परिचारिका होत्या, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता; पण डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांना कुणी सिस्टर म्हटलं नाही. आडवं आलेलं मूल पोटावरून नुसत्या हातानं फिरवून सरळ करायचं, ही त्यांची करामत. यंत्रं होती, तपासणीचे पडदे होते, कोल्हापूरला मोठी इस्पितळं होती. तरी डॉक्टरसुद्धा म्हणत, आधी बाईंचा हात लागू दे, नाहीच जमलं तर मग बघू.

त्यांची पिशवी शेवंतानं वागवली. पंचविशीपासून वागवली. पाणी तापवणं, बाईला धीर देणं, जीप बोलावणं, सगळं तिनं केलं. पण "आता तू हात लाव" असं आई तिला शेवटपर्यंत म्हणाली नाही. कुंदा शाळेत हुशार निघाली, बंगळुरूला गेली, डॉक्टर झाली आणि तिथून थेट चंद्राच्या दक्षिण टोकावरच्या वस्तीत. तिथल्या हवाघरात काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाशी तिचं जमलं. गावात कुणी भेटलं की सायलीबाई बोट वर करून सांगत, "माझी कुंदी तिथं असती." पौर्णिमेला तर सगळ्या आळीला दाखवत. शेवंता त्यांच्या शेजारीच उभी असायची; तिच्याकडे बोट दाखवायचं कुणाला सुचणार?

लग्नाला महिना झाला नसेल, कुंदाचा निरोप आला. वस्तीत मुलं होऊ द्यायला आदल्याच वर्षी परवानगी मिळाली होती आणि अडचण लगेच पुढं आली होती. पृथ्वीवर पोटातलं मूल दिवस भरत आले की डोकं खाली करून बसतं. डोक्याचं वजन त्याला खाली ओढतं. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाचं. तिथं मुलं आडवीच राहत होती, मजेत तरंगत. पोट कापून बाळ काढावं, तर त्या हलक्या जगात रक्त खाली निथळत नाही, जखमेवरच थेंबाचे गोळे होऊन डोलतं, आणि टाके भरायला दुप्पट दिवस लागतात. पहिल्याच बाईला त्यांनी कसंबसं वाचवलं होतं.

"आई, तुझे हात पाहिजेत," कुंदा पडद्यावर म्हणाली. चंद्रावरचं बोलणं इथं पोचायला आणि इथलं तिथं पोचायला एक श्वास जावा लागतो. त्या श्वासात सायलीबाईंचे डोळे भरून आले.

"अगं, मी कशी येऊ? ह्या काळजाच्या दुखण्यानं मला गावाबाहीर न्यायचं अवघड झालंय."

"तू नको येऊस. नुसते हात."

शेवंता दारात चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं ते तसेच आत नेले.

हे हात पाठवणं म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. माणसाच्या अंगात मुरलेलं कसब मेंदूतून उतरवून घेण्याची विद्या तोवर साधली होती. त्या कसबाच्या गाठोड्याला हातसंच म्हणत. पण आईचा हातसंच जसाच्या तसा लेकीला बसत नाही. आईचे हात आखूड, गुडघा दुखरा, डाव्या डोळ्याला कमी दिसतं; तिचं सारं कसब त्या आखूड हातांचा आणि त्या गुडघ्याचा हिशेब धरून मुरलेलं. ते दुसऱ्या देहात तसंच घातलं, तर हात चार बोटं अलीकडेच थांबतील. म्हणून संच आधी मोडावा लागतो, त्यातलं मर्म वेगळं काढावं लागतं आणि दुसऱ्या देहाच्या मापानं नव्यानं घडवावा लागतो. ही घडण ज्याला संच वापरायचा त्याच्याच मेंदूत केली तर सोपी. पण तो माणूस दीड महिना अंथरुणावर पडून राहायला हवा. वस्तीत डॉक्टर एकटी कुंदा, आणि घडणीची यंत्रणा तिथं नाही. अशा वेळी तिसऱ्या कुणाच्या मेंदूत संच घडवून तो तयार करून पाठवतात. याला परघडण म्हणायचं. तिसरा माणूस रक्ताचा असावा, आणि मूळ कसब त्यानं जवळून पाहिलेलं असावं. असं माणूस जगात एकच होतं, आणि ते आत कप विसळत होतं.

कोल्हापूरच्या बाहेर, पंचगंगेच्या अंगाला परघडणीचं केंद्र होतं. तिथल्या प्रमुख डॉ. फरीदा मुल्ला. गोलसर बांध्याच्या, मोठ्यानं हसणाऱ्या बाई. त्यांनी शेवंताला समोर बसवून सगळं समजावलं.

"शेवंताताई, ही युक्ती आमची नव्हे. पूर्वी संगणकवाले असंच करायचे. लहानसं यंत्र असायचं, मनगटावरचं घड्याळ म्हणा, विहिरीवरच्या पंपातलं नियंत्रण म्हणा. त्याला लागणारे आज्ञांचे संच त्याच्यावरच घडवायचे म्हटलं तर जमायचं नाही, जीव केवढासा त्याचा. मग मोठ्या संगणकावर घडवायचे आणि घड्याळात नेऊन बसवायचे. घडवणारा एक, चालवणारा दुसरा."

"म्हंजे रांधायचं माझ्या घरात, आणि पंगत दुसऱ्याच्या."

"अगदी!"

"आणि मला चाखायलाबी न्हाई?"

मुल्ला मॅडम हसल्या, पण शेवंता हसत नव्हती. "चाखून चव लागणार नाही, ताई. कुंदाताईंच्या देहासाठी घडलेलं तुमच्या देहात चालत नाही. काम संपलं की तुमच्या डोक्यातला तो सगळा पसारा आम्ही आवरून टाकतो. घर पुन्हा रिकामं."

शेवंतानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आन् माप माझंच दिलं तर?"

"कसलं माप?"

"तुम्ही देहपट म्हनता ते." देहपट म्हणजे ज्याच्यासाठी संच घडवायचा त्याच्या देहाचं सगळं वर्णन: हाताची लांबी, तिथं त्या हाताचं होणारं वजन, बोटांची पकड, श्वासाचा वेग. कुंदाचा देहपट चंद्रावरून येऊन तयार होता. "त्याऐवजी माझा घातला, तर हात मलाच येतील का न्हाई?"

"येतील," मॅडम सावकाश म्हणाल्या. "देहपट दिलाच नाही, तर यंत्र आपोआप तुमचाच धरून चालेल. पण आईंच्या वयात मूळ कसब एकदाच उतरवता येतं. ते कुणाला द्यायचं हे त्यांनी ठरवलंय. आणि ताई, तुम्हीच मला सांगितलंत, पोटुशा बाईच्या पोटावर हात ठेवला की तुमचे हात थरथरतात."

ते खरं होतं. चौदा वर्षांपूर्वी शेवंताचं स्वतःचं मूल आडवं आलं होतं. सायलीबाईंनी ते फिरवलं. मुलाच्या गळ्याभोवती नाळ होती. फिरवताना हाताला ओढ लागली, सायलीबाईंना वाटलं मूल आळस करतंय, आणि त्यांनी जरासा जोर दिला. मुलगा होता. त्यानंतर शेवंताला मूल झालं नाही, पुढं नवराही वेगळा झाला. त्यानंतर सायलीबाईंच्या हातून मात्र एकही मूल गेलं नाही. हाताला तशी ओढ लागली की त्यांचे हात आपोआप थांबायचे, मागं यायचे, आणि त्या म्हणायच्या, "न्हाई बाई, ह्याला असंच असू दे. गाडी बोलवा." कुंदा तेव्हा बंगळुरूला परीक्षेत होती. तिला फोनवर एवढंच सांगितलं, की अक्काचं झालं नाही. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरला बसली.

मॅडमनी एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली. "घडवणारं यंत्र आळशी असतं. संच घडवताना त्याला पदोपदी काहीतरी लागतं. ते विचारतं, हे इथं आहे का? आणि आहे की नाही ते बघतं कुठं? ज्या घरात बसलंय त्याच घरात. तुमच्याकडे दिसलं की म्हणतं, झालं, आहे. मग ते बरोबर घेत नाही. पण संच चालणार कुंदाताईंकडे. त्यांच्याकडे ते नसलं तर? जुन्या संगणकवाल्यांचे याच चुकीपायी हाल व्हायचे. सगळं बिनबोभाट घडायचं, आणि दुसरीकडे नेलं की भलत्याच जागी आपटायचं."

"मग वळखायचं कसं?"

"हाडामांसाच्या प्रश्नांना देहपट उत्तर देईल. पण काही प्रश्न मनातले येतील, आठवणींचे. ते आम्हाला दिसत नाहीत, फक्त तुम्हाला जाणवतील. तेव्हा आपल्या घरात बघायचं नाही, बहिणीच्या घरात बघायचं. तिच्याकडे असेल तर उजवा अंगठा हलवा. नसेल तर डावा. डावा हलवला की ती गोष्ट संचासोबत बांधून जाते. आणि शंका आली तर डावाच. संच जरा जड होईल, पण अडणार नाही."

"बहिणीच्या घरात बघायचं," शेवंता म्हणाली. "जल्मभर तेच केलंय, मॅडम."

काम सुरू झालं. सायलीबाईंचं उतरवून घेणं आठवड्याभरात आटोपलं; त्या पलंगावर बसून साऱ्या परिचारिकांना त्यांच्या बाळंतपणांचे सल्ले देत होत्या. शेवंताला मात्र रोज सकाळी काचेच्या खोलीत निजवत. ना झोप ना जाग अशा अवस्थेत तिच्या आत आईचे हात हलत. अजब होतं ते. ज्या पोटांना तिनं नुसतं तेल चोळून दिलं होतं, ती पोटं आता आतून कळत होती: ही टाच, हा कुल्ला, ही पाठ, इथं पाण्याची जागा आहे, इथून ढकलायचं, तिथं नुसतं धरायचं. इतकं सोपं होतं! आणि आईनं पंधरा वर्षांत एकदा हात धरून दाखवलं नाही. जाग आली की तिच्या बोटांत त्यातलं काही उरत नसे. हलवायाच्या दुकानात रोज उपाशी बसवावं, तसं होत होतं.

एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "मला का न्हाई शिकवलंस?"

सायलीबाई मोसंबं सोलत होत्या. "तुला सोसलं नसतं."

"कुंदीला सोसंल?"

"तिचं मन मोकळं हाय. तिच्यात काय बी घाल, मावतंय."

"माझ्यात घाण भरलीया व्हय?"

"तसं कुठं म्हनले मी? खा ही फोड. तोंड बघ कसं केलंया, मोसंब्यापरीस आंबट."

प्रश्न येत राहिले. शब्दांत येत नसत. काहीतरी चाचपडल्यासारखं व्हायचं, अंधारात फळीवरची काड्याची पेटी शोधावी तसं. कधी प्रश्न आईच्या हातातली घाई शोधायचा, जीप येईपर्यंत उरकायची ती धास्ती. कुंदाकडे ती नव्हती. डावा अंगठा. आई बाईला बोलण्यात गुंतवायची ती खोडकर भाषा. कुंदाकडे नव्हती, डावा. अवघड काम आलं की दात आवळून येणारा हट्ट. तो कुंदाकडे रग्गड होता, उजवा. शेवंता खरेपणानं उत्तरं देत होती. हेवा होता, पण कामचुकारपणा तिच्या रक्तात नव्हता.

मग शेवटच्या आठवड्यात थांबणं आलं.

आईचे हात एका पोटावर फिरत होते आणि त्यांना ओढ लागली. हात मागं यायला निघाले, आणि कशावर तरी टेकायला जागा शोधू लागले. थांबण्याचं सगळं बळ त्यांना तिथूनच मिळत होतं. शेवंता त्यांच्यामागून गेली, आणि एकदम आपल्याच बाळंतपणात जाऊन उभी राहिली. पण आईच्या बाजूनं. खाली पडलेली शेवंता तिनं आईच्या डोळ्यांनी बघितली, घामानं भिजलेली. ती ओढ हाताला लागलेली कळली, तो जरासा जास्तीचा जोर कळला, आणि मग हाताखालचं शांत होत गेलेलं ते पाणी. आणि त्याच्याखाली, विहिरीच्या तळाशी असावी तशी, माया. थोरलीवरची माया. सगळा जन्म जी शोधली, बोटाच्या टोकाशी, कौतुकाच्या शब्दात, मोसंब्याच्या फोडीत, ती सगळीच्या सगळी इथं ठेवलेली होती. आईनं ती दुसरीकडे कुठंच ठेवली नव्हती.

प्रश्न चाचपडत होता: हे आहे का तिकडे?

नव्हतं. कुंदाच्या घरात हे नव्हतं, शेवंताला चांगलं ठाऊक होतं. डावा अंगठा हलवला की हे सारं गाठोड्यात बांधलं जाणार आणि वर जाणार. ते बाळ, ती माया, सगळं कुंदाचं होणार. आईचे हात तिला, चंद्र तिला, नवरा तिला. आता माझं पोरही तिला? ती रडेल, आणि दुसऱ्या दिवशी पेपरला बसेल.

हे आहे का?

शेवंतानं आपल्या घरात बघितलं. तिथं होतं. तिनं उजवा अंगठा हलवला.

संच तयार झाला, चंद्रावर गेला, कुंदाच्या मेंदूत बसवला गेला. आधी पुतळ्यावर चाचण्या झाल्या. पुतळ्यातलं मूल आडवं ठेवायचे, कुंदा फिरवायची, दरवेळी फिरलं. पुतळ्याच्या गळ्याभोवती नाळ घालायचं कुणाला सुचलं नाही, कारण थांबण्याची परीक्षा घ्यायची असते हेच कुणाच्या ध्यानी आलं नाही. जे जमतं त्याचीच सगळे परीक्षा घेतात.

पहिलं मूल फिरवलं ते त्या बाईच्या परवानगीनं आजऱ्यातही दाखवलं. सायलीबाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

"अगं बघ, बघ! अंगठा कसा मुडपून धरतीया! माझंच हात गं! मढं बशिवलं, माझंच हात!" त्यांनी पडद्यावरच्या कुंदाच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. आखूड, सुरकुतलेली बोटं, त्यांच्याखाली लांबसडक गोरी बोटं, आणि दोन्ही एकाच चालीनं वळत होती. शेजारणी टाळ्या वाजवत होत्या. मुलगी झाली, डोक्याकडून, रडत. वस्तीत साखर वाटली, आजऱ्यात पेढे.

शेवंतानंच ते वाटले. कुणीतरी म्हणालं, "शेवंताक्का, तुमच्याच डोक्यात घडलं म्हणं हे?" ती म्हणाली, "व्हय. भाड्यानं दिलं हुतं." आणि त्या रात्री तिला छान झोप लागली. कुंदाकडे सगळं होतं, पण एक नव्हतं. ते कुठं आहे हे शेवंताला माहीत होतं, आणि कुंदाला काही हरवल्याचंसुद्धा माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत प्रथमच तिच्याजवळ असं काही होतं जे बहिणीपाशी नव्हतं. ती चंद्राकडे बघून आता तोंड फिरवत नसे. संच बसवला तो देह कधी ना कधी ती ओढ हाताखाली घेईल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण मुलं होत होती, एकामागून एक, सरळ, रडत. मग तो विचार ती दुसऱ्या खोलीत ठेवून द्यायची आणि दाराला कडी घालायची.

पावसाळा सरत आला तेव्हा झारखंडकडची जुही तिर्की नावाची मुलगी कुंदाच्या टेबलावर आली. वस्तीतल्या बर्फाच्या खाणीवर यंत्र चालवायची. मूल आडवं, सगळी तपासणी ठीक. नाळ गळ्याजवळ दिसत होती, पण तशी ती पुष्कळांची असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाचा फोन आला. आई झोपली होती. पडद्यावर कुंदा नुसती बसली होती, हात मांडीवर उलटे टाकून, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे.

"अक्का, बाळ गेलं."

शेवंता पडद्यासमोर खाली बसली.

"ओढ लागली होती. मला कळली. मी मनात म्हणत होते, थांब, थांब. हात थांबायलासुद्धा निघाले गं. मागं आले, आणि काहीतरी शोधायला लागले. शोधत राहिले, शोधत राहिले... सापडलं नाही, तसे परत पुढं गेले. जोरानं. माझंच ऐकेनात." एक श्वास गेला. "आई कशावर थांबायची, अक्का?"

"मला काय ठाव."

"तुझ्या डोक्यात घडलं ना सगळं."

"घडलं. आवरलं. आता काय न्हाई तिथं."

कुंदानं हातांकडे बघितलं. "एक सांगू? विचित्र आहे. आज सकाळी दुसरी बाई होती. तिच्या पोटावर हात ठेवले. जरा कुठं अडल्यासारखं झालं, आणि हात शोधायला गेले, आणि त्यांना सापडलं. जुहीचं बाळ. तिथं जाऊन ते टेकले आणि थांबले. अगदी आईसारखे." ती रडायला लागली. "आता ते थांबतात, अक्का. आता कायम थांबतील."

शेवंताच्या मनात काहीतरी आडवं येऊन बसलं. तिला वाटलं होतं ते दुःख असेल. ते दुःखच होतं थोडं, पण त्याच्या पाठीशी लपून जुनाच ओळखीचा जाळ होता. म्हणजे कुंदाला तेही मिळालं. स्वतःचं.

सायलीबाईंना सांगावंच लागलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐकून त्यांनी डोळे मिटले.

"माझं समदं गेलं हुतं न्हवं तिच्याकडं?"

"व्हय."

"मग ती थांबली का न्हाई?"

शेवंता खालमानेनं फरशीवरची एक चीर नखानं कोरत राहिली. सायलीबाईंनी डोळे उघडले आणि लेकीकडे नीट बघितलं. दिसत कमी होतं त्यांना. पण लोकांच्या पोटातलं बघण्यात जन्म गेला होता.

"तू दिलं न्हाईस."

"माझं पोर हुतं ते, आई."

"पोर तुझं हुतं." सायलीबाईंचा आवाज चढला नाही. "पण ते ध्यानात ऱ्हायलं ते माझं हुतं. हात माझं हुतं. चौदा वरीस ते मी उशाला घिऊन निजले, आन् दुसऱ्याचं पोर वाचावं म्हनून वर धाडाय निघाले हुते. माझं देणं अडवणारी तू कोण गं?"

"तुला ते तिलाच द्यायचं हुतं. समदंच तिला."

"तुला काय देऊ? तुझ्याकडं ते हुतंच की."

एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शेवंतानं आणलेलं दूध त्यांनी घेतलं नाही, आणि त्यानंतर त्या तिच्या हातचं फारसं काही घेईनात.

मुल्ला मॅडम स्वतः आजऱ्याला आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि आढेवेढे न घेता विचारलं, "ताई, थांबणं कुठल्या तरी आठवणीवर टेकलेलं असणार. ते कुंदाताईंकडे होतं का?"

"आमच्या घरातलंच हुतं ते, मॅडम," शेवंता म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग ग्लास खाली ठेवला. "मी नुसतं बजावलं. घरातलं म्हणजे कुणाचं, ते विचारायला हवं होतं." त्या जायला उठल्या आणि दारात थांबल्या. "मंगळाच्या वस्तीला आता हाच संच हवाय. पण आईंचा मूळचा संच घडणीत मोडून गेला, आणि पुन्हा उतरवून घेण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही. यापुढची परघडण कुंदाताईंच्यापासून होईल. त्यांचे हात थांबतात. ज्याच्यावर थांबतात ते प्रत्येक संचासोबत बांधून जाईल. यावेळी कुणाला विचारणार नाही आम्ही."

"म्हंजे त्या जुहीचं पोर."

"हो. जिथं जिथं हा संच बसवला जाईल, तिथं तिथं. पुढच्या सगळ्या सुइणींना ते बाळ आपल्याच हातून गेल्यासारखं आठवेल. म्हणून त्या थांबतील."

"आन् माझं?"

मॅडमना प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर त्या म्हणाल्या, "ते तुमच्याकडेच राहील, शेवंताताई. तुम्ही ठेवलंत ना."

पुढं मंगळावर गेलेल्या सुइणी मुलं फिरवताना मध्येच थांबत, आणि त्यांचे डोळे भरून येत. बाळंतिणींना वाटे, किती माया आहे हिच्या हाताला. अंगठा त्या सगळ्या आत मुडपून धरत. तो कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जुहीच्या बाळाचं नाव मात्र त्या सगळ्यांना ठाऊक होतं. वस्तीनं त्याचं नाव ठेवलं होतं, बिरसू.

शेवंताच्या मुलाचं नाव ठेवलेलं नव्हतं. तो चौदा वर्षांपूर्वी माघात, आजऱ्यात, आजीच्या हातांखाली गेला. बिरसू तिर्की भाद्रपदात चंद्रावर गेला. सायलीबाई रेडेकर त्याच वर्षी कार्तिकात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भिंतीकडे तोंड करून गेल्या.